हात सोडला तरी सावरणारं विमान

भोसरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात यंत्राची पारख कशी करायची हे कुणाला शिकवावं लागत नाही. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढच्या दोन पिढ्यांत इथल्या गावांच्या शिवारात कारखाने उभे राहिले. आकुर्डीत स्कूटर, पिंपरीत ट्रक, चाकणला मोटारसायकली आणि मोटारी. त्यामुळे इथल्या घरांत गाडीची चर्चा पिकअप, मजबुती आणि कंट्रोल एवढ्यात आटोपते. याच घरातलं इंजिनिअरिंगला गेलेलं पोर किंवा टूलरूममध्ये आयुष्य काढलेला एखादा निवृत्त कामगार रिमोटवर उडणारं विमान करायला घेतो, तेव्हा ही पट्टी आपोआप सोबत येते. मोटर मोठी घेऊ, पंखाला दोन पट्ट्या जास्त मारू, आणि स्टिक हलवली की लगेच वळलं पाहिजे. त्यात लोहगावच्या हवाई तळावरून सुखोई-३० डोक्यावरून गर्जत जातं, त्यामुळे पहिलं विमान कसं दिसायला हवं याचंही चित्र मनात आधीच तयार असतं. माझं म्हणणं असं की पहिल्या विमानासाठी ही सगळी पट्टी उलटी धरावी लागते. ताकद बेताची, वजन कमीत कमी आणि प्रतिसाद संथ. नवशिक्यासाठी बनवलेल्या विमानाला या छंदातले लोक नुसतं ‘ट्रेनर’ म्हणतात. त्याचा बोजड चेहरा, डोक्यावर ठेवलेले जाड पंख आणि वर उचललेली पंखांची टोकं यांत सौंदर्य शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. पण त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट एका अडचणीचं उत्तर आहे, आणि ती अडचण म्हणजे हे विमान चालवणारा त्याच्या आत बसलेला नसतो.

खऱ्या प्रशिक्षण विमानांकडे पाहिलं तर हा मुद्दा जास्त स्पष्ट होतो. भारतात रचना होऊन कारखान्यात बनलेलं पहिलं प्रशिक्षण विमान म्हणजे एचटी-२. त्याच्या रचनेचं नेतृत्व केलं डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी. मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातले घाटगे जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट करून परतले, बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये गेले, आणि १९५१ मध्ये एचटी-२ उडालं. त्याचे पंख धडाच्या खालच्या अंगाला होते. त्यानंतर हवाई दलाने वर्षानुवर्षं वापरलेल्या एचपीटी-३२ चे पंखही खालीच. खडकवासल्याला एनडीएचे छात्र ज्या सुपर डिमोना मोटर-ग्लायडरवर पहिल्यांदा हवेत जातात, त्याचे सुमारे १६ मीटर लांबीचे पंखही खालच्याच बाजूला आहेत. सेसनासारखी वर पंख असलेली प्रशिक्षण विमानं आहेत, पण माणसाला उडायला शिकवायचं तर पंख वरच हवेत, असा काही नियम दिसत नाही. रिमोटच्या दुनियेत मात्र अमेरिकेतलं सिग कॅडेट घ्या की कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये डेप्रॉन फोमच्या शीटमधून कापलेलं निनावी विमान, ट्रेनर म्हटलं की पंख वर आणि टोकं उचललेली, हे जवळपास ठरलेलंच.

फरक आहे तो वैमानिकाच्या जागेचा. एचटी-२ मध्ये शिकणाऱ्याच्या मागेपुढे शिक्षक बसलेला असे आणि त्याच्याही हातात दांडा असे. शिकणाऱ्याला विमान तिरपं झाल्याचं डोळ्यांच्या आधी अंगाला कळे. वेग कमी झाला की वाऱ्याचा आवाज बदले, दांडा हाताला ढिला लागे. जमिनीवर ट्रान्समीटर घेऊन उभ्या असलेल्या माणसाला यातलं काहीही मिळत नाही. त्याला दिसते ती शंभर-दीडशे मीटरवरची एक काळी आकृती. ती आपल्याकडे येते आहे की दूर जाते आहे, हेदेखील ढगाळ दिवशी क्षणभर कळत नाही. विमान दूर जात असताना स्टिक डावीकडे केली की ते आपल्या डावीकडे वळतं. तेच विमान समोरून आपल्याकडे येत असताना स्टिक डावीकडे केली की ते आपल्या उजवीकडे जातं, कारण डावं-उजवं विमानाचं असतं, आपलं नसतं. नवशिक्यांची बहुतेक विमानं इथेच पडतात. चूक दिसते, हात घाईने उलट दिशेला जातो, तिरपेपणा दुप्पट होतो आणि उंची संपते. अनुभवी माणूस शिकवतो की विमान समोरून येत असेल तर जो पंख खाली गेलेला दिसतो त्याच बाजूला स्टिक न्यायची. नियम सोपा आहे, पण तो आठवायला वेळ लागतो आणि तो वेळ हातातल्या विमानाने द्यावा लागतो.

वाऱ्याची फसगत याहून कपटी आहे. आपण जमिनीवर उभे असल्यामुळे आपल्याला विमानाचा जमिनीच्या तुलनेतला वेग दिसतो. पंखांना मात्र फक्त हवेच्या तुलनेतला वेग कळतो. ताशी ३० किलोमीटरने उडणारं विमान ताशी २० किलोमीटरच्या वाऱ्याच्या दिशेने वळलं की जमिनीवरून ते ५० च्या वेगाने पळताना दिसतं. नवशिका घाबरून थ्रॉटल कमी करतो, नाक वर ओढतो आणि ज्या विमानाला प्रत्यक्षात जेमतेम वेग होता त्याचा उरलासुरला वेगही काढून घेतो. आत बसलेल्या वैमानिकासमोर हवेतला वेग दाखवणारा काटा असतो. बाहेरच्याला तो काटा विमानाच्या वागणुकीतून वाचावा लागतो, आणि विमानाची वागणूक वाचण्याइतकी संथ व स्पष्ट असेल तरच हे शक्य होतं.

आता त्या उचललेल्या टोकांकडे येऊ. समोरून पाहिलं की पंख सरळ रेषेत नसून उथळ इंग्रजी व्हीसारखे दिसतात. या कोनाला डायहेड्रल म्हणतात. वाऱ्याचा झोत लागून किंवा चुकीने विमान डावीकडे कललं की ते नुसतं कलत नाही, डावीकडे हळूहळू घसरायलाही लागतं. घसरताना हवा डाव्या बाजूने येते आणि कोन असल्यामुळे खाली गेलेल्या पंखावर ती अधिक चढ्या कोनात आदळते. त्या पंखाला जास्त उचल मिळते, वर गेलेल्या पंखाला कमी, आणि विमान स्वतःहून सपाट होऊ लागतं. फक्त शेपटीवरचे रडर व एलिव्हेटर आणि थ्रॉटल यांवर चालणाऱ्या ट्रेनरला हा कोन प्रत्येक बाजूला पाच अंश किंवा त्याहून थोडा जास्त देतात, कारण तिथे वळणसुद्धा याच गुणातून मिळतं. रडरने नाक बाजूला गेलं की डायहेड्रल विमानाला त्या बाजूला झुकवतं. पंखांच्या मागच्या कडेला हलते पट्टे, म्हणजे एलेरॉन, असलेल्या ट्रेनरला दोन-तीन अंश पुरतात. व्यवहारातला अर्थ इतकाच की गोंधळ झाला तर स्टिक मध्यावर आणून दोन सेकंद हात स्थिर ठेवायचा. उंची असेल तर विमान सावरतं. नवशिक्याला पहिल्याच दिवशी शिकवण्यासारखी एवढी एकच युक्ती आहे, आणि ती चालते ती विमानाच्या आकारामुळे.

पंख वर का, याचं एक उत्तर वर्षानुवर्षं सांगितलं जातं आणि ते चुकीचं आहे. वजन पंखाखाली लटकत असल्यामुळे विमान लंबकासारखं परत सरळ होतं, असं म्हणतात. ऐकायला पटतं, पण लंबक टांगलेला असतो तो एका स्थिर खिळ्याला, आणि विमानाला हवेत तसा खिळा नाही. विमान तिरपं झालं की त्याची उचलही त्याच्याबरोबर तितकीच तिरपी होते आणि तिची रेषा वजनाच्या मध्याजवळूनच जात राहते. सरळ करणारा पीळ तिथे निर्माण होत नाही. खरं कारण पुन्हा त्या घसरण्यातच आहे. विमान बाजूला घसरताना धडाला वळसा घालणारी हवा वरच्या पंखाच्या मुळाशी अशा तऱ्हेने वळते की खालच्या बाजूच्या पंखाला थोडी जास्त उचल मिळते. म्हणजे वर बसवलेला पंख काही अंशांच्या फुकटच्या डायहेड्रलसारखं काम करतो, आणि खाली बसवलेल्या पंखात हाच परिणाम उलट होतो. एचटी-२ सारख्या खालच्या पंखांच्या विमानांना जास्त कोन द्यावा लागतो तो ही तूट भरून काढायला. हे सगळं सांगायचं कारण असं की लंबकाच्या कल्पनेवर विसंबून काही जण बॅटरी मुद्दाम धडाच्या तळाशी लटकवतात आणि विमान स्थिर झालं अशी समजूत करून घेतात. बॅटरीची जागा खाली-वर नव्हे, पुढे-मागे किती, हे खूप जास्त महत्त्वाचं आहे. वजनाचा मध्य पंखाच्या रुंदीच्या पुढून साधारण पाव ते एक-तृतीयांश अंतरात असावा. तो मागे गेला की विमान नाक वर-खाली करत सतत डोलू लागतं आणि नवशिक्याच्या हातात ते फार वेळ टिकत नाही. पुढे गेला तर विमान जड आणि आळशी वाटतं, पण निदान घरी परत येतं.

आता मजबुतीचा प्रश्न, जिथे या पट्ट्यातल्या कारागिराची सवय सगळ्यात जास्त आडवी येते. एक साधा ट्रेनर घेऊ. पंखांची लांबी १.४ मीटर, रुंदी २० सेंटीमीटर, वजन १.१ किलो. पंखांचं क्षेत्रफळ ०.२८ चौरस मीटर. हवेची घनता घनमीटरला १.१ किलो आणि पंखाचा उचल देण्याचा कमाल गुणांक १.२ धरला तर हे विमान ताशी साडेसत्तावीस किलोमीटरपर्यंत हळू उडू शकतं. त्याखाली स्टॉल, म्हणजे पंखावरची हवा सुटते आणि उचल कोसळते. आता हे विमान पडलं तरी तुटू नये म्हणून त्यावर फायबरची टेप, जाड प्लायवूड, लोखंडी तारेचं अंडरकॅरेज आणि मोठी मोटर चढवली आणि वजन १.६ किलो झालं. कमीत कमी वेग आता ताशी तेहतीस किलोमीटर होतो. साडेपाच किलोमीटर म्हणजे फारसं काही नाही, असं वाटेल. पण त्याच विमानाची जमिनीवर आदळण्याची ऊर्जा काढली तर पहिल्याची सुमारे ३२ ज्यूल येते आणि दुसऱ्याची ६७ च्या वर. वजनाबरोबर कमीत कमी वेगाची मर्यादाही वर सरकते, त्यामुळे आदळण्याची ऊर्जा वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पन्नास टक्क्यांहून कमी वजन वाढवून धडक दुपटीहून मोठी झाली. ज्या पडण्यापासून वाचवण्यासाठी मजबुती दिली, ते पडणंच मजबुतीने जास्त जोराचं केलं. मोटारीच्या चॅसिसला लागू असलेली बुद्धी इथे उलटी का पडते, याचं याहून नेमकं उत्तर मला माहीत नाही. थर्माकोलच्या जातीच्या फोमचं विमान पडलं की वाकतं, चिरतं आणि गरम गोंदाने तासाभरात परत जोडलं जातं. त्याला मजबूत कुणी म्हणणार नाही, पण नवशिक्याला तेच परवडतं.

इथल्या भूगोलाचाही यात हात आहे. पुणे आणि चाकणचा पट्टा समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे ते साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. एप्रिलच्या दुपारी पारा ३८ वर असताना इथली हवा समुद्रकाठच्या प्रमाण हवेपेक्षा सुमारे १३-१४ टक्के विरळ होते. परदेशी किटच्या खोक्यावर लिहिलेला वेग त्यामुळे इथे सात टक्क्यांच्या आसपास जास्तच धरावा लागतो, आणि प्रोपेलरची ओढही कमी होते. तिकडच्या पुस्तकात चालणारं वजन इथे उन्हाळ्यात जड वाटतं ते यामुळे.

स्टॉल होणारच हे गृहीत धरून ट्रेनरचा पंख आखलेला असतो. नवशिका उतरताना नाक वर ओढतो, हे काही त्याचा स्वभाव बदलून थांबवता येत नाही. मग पंखाने निदान सभ्यपणे तरी हार मानावी. घाटग्यांचे गुरू प्रांटल यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात पंखावरची उचल मुळापासून टोकापर्यंत कशी वाटली जाते याचं गणित मांडलं. त्यातून एक गोष्ट दिसते. मुळापासून टोकापर्यंत एकाच रुंदीचा, फळीसारखा आयताकृती पंख आधी मुळाशी हवा सोडतो आणि त्याची टोकं शेवटपर्यंत काम करत राहतात. टोकांजवळच एलेरॉन असल्यामुळे विमान खाली बसतं, पण एका कुशीवर उलटत नाही. टोकाकडे फार निमुळत्या होत जाणाऱ्या पंखात टोकं आधी हार मानू शकतात, एक बाजू आधी गेली की विमान झटक्यात त्या बाजूला पडतं. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांची छोटी रूपं दिसायला देखणी, पण नवशिक्याला घातक, ती याच कारणाने. वळणात तर ही मर्यादा आणखी जवळ येते. ४५ अंश झुकून वळताना स्टॉलचा वेग १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांत ४१ टक्क्यांनी. वरच्या १.१ किलोच्या विमानासाठी ६० अंशांचं वळण म्हणजे ताशी ३९ किलोमीटरची अट. उतरायच्या घाईत, कमी उंचीवर, घट्ट वळण घेऊन विमान मैदानाकडे आणणाऱ्याला ही अट आठवत नाही.

मोटारसायकलच्या सवयीने होणारी दुसरी फसगत थ्रॉटलची. पिकअप म्हणजे वेग, हे डोक्यात पक्कं असतं. सपाट तळाच्या पंखाच्या ट्रेनरला थ्रॉटल वाढवलं की ते वेगाने पळण्याऐवजी वर चढू लागतं, आणि कमी केलं की नाक किंचित खाली घालून स्वतःचा वेग राखत उतरू लागतं. हा दोष नव्हे. अशा विमानाचा वेग एलिव्हेटरच्या ट्रिमने ठरतो आणि चढ-उतार मोटरने, हे विमानशास्त्रातलं मूळ सूत्र ते पहिल्या दहा मिनिटांत डोळ्यांना दाखवतं. मोटर फार मोठी असेल तर हेच सूत्र अंगावर येतं. थ्रॉटल पूर्ण उघडताच नाक आकाशाकडे जातं आणि वर पोचून विमान थांबतं. म्हणून ट्रेनरची मोटर किंचित खाली आणि उजवीकडे वळवून बसवतात, आणि तिची ओढ विमानाच्या वजनाच्या निम्म्याहून थोडी जास्त असली तरी पुरते. कॉलेजच्या प्रकल्पात २२१२ आकाराची मोटर स्वस्त मिळते म्हणून त्यातल्या त्यात जास्त फिरणारी घेतली जाते, आणि मग ती ताकद वाया जाऊ नये म्हणून वापरलीही जाते!

स्वतःहून सावरणं ही कल्पना रिमोटच्याच काय, माणसाच्या उड्डाणाच्याही आधीची आहे. १८७१ मध्ये पॅरिसच्या त्युइलरी बागेत आल्फोन्स पेनो या तरुणाने रबराच्या पिळावर चालणारं एक छोटं विमान उडवलं. त्यात कुणी वैमानिक नव्हता, नियंत्रण नव्हतं, म्हणून त्याला स्थिर असण्यावाचून पर्याय नव्हता. पंखांची टोकं वर वळवलेली, आणि शेपटीचा कोन पंखाहून कमी. १९०३ चं राइट बंधूंचं विमान याच्या उलट वळणाचं. त्यांनी ते जाणूनबुजून अस्थिर ठेवलं, कारण आत बसलेला सराईत माणूस क्षणोक्षणी सावरेल असा त्यांचा भरवसा होता, आणि त्या माणसाला पक्की पकड हवी होती. डोक्यावरून जाणारं सुखोई त्याच वंशातलं, फक्त तिथे सावरण्याचं काम माणसाऐवजी संगणक करतो. बाहेर उभ्या असलेल्या नवशिक्याची स्थिती मात्र राइट बंधूंपेक्षा पेनोच्या जास्त जवळची आहे. त्याच्याकडे नियंत्रण आहे, पण ते वेळेवर आणि योग्य दिशेला वापरलं जाईल याची खात्री नाही.

यावर आजच्या काळातला सगळ्यात वजनदार आक्षेप असा की सुखोईचा संगणक आता नखाएवढा झाला आहे. काही हजार रुपयांत जायरो असलेला स्टॅबिलायझर मिळतो, तो विमान स्वतः सपाट ठेवतो. मग आकाराच्या स्थैर्याची मिनतवारी कशाला? आक्षेप खरा आहे आणि जायरो वाईट नाही, विशेषतः झोताच्या वाऱ्यात. पण तो विमानाचा कल राखतो, वेग राखत नाही. कमी थ्रॉटलवर नाक वर ओढून धरलं तर तो पंख सपाट ठेवण्याची शर्थ करत विमानाला स्टॉलमध्ये घेऊन जातो. वजनाचा मध्य मागे असेल, पंख पिळलेला असेल तर तो ती चूक झाकतो, आणि ज्या दिवशी तो बंद पडतो त्या दिवशी सगळ्या चुका एकदम समोर येतात. उलटी दिशा निवडून बसवला तर तो पहिल्याच सेकंदाला विमान पालथं घालतो. आकाराने स्थिर असलेल्या विमानावर जायरो बसवला तर फायदा होतो, अस्थिर विमानाला तो नवशिक्याच्या लायकीचं करत नाही. ड्रोनचंही तसंच. चार पंख्यांचं जीपीएसवर स्थिर राहणारं ड्रोन चालवता येतं म्हणून विमान येईल, हा समज टिकत नाही. ड्रोन स्टिक सोडली की थांबतं, विमान थांबलं की पडतं.

दुसरा आक्षेप वाऱ्याचा, आणि तो मला जास्त रास्त वाटतो. हलकं, डायहेड्रलवालं विमान बाजूच्या झोताने जास्त डचमळतं, कारण सावरण्याचा गुणच त्याला झोताची दखल घ्यायला लावतो. कमीत कमी वेग ताशी साडेसत्तावीस असलेलं विमान वीस-पंचवीसच्या वाऱ्यात समोर जागच्या जागी लटकतं आणि पाठीशी घातलं की निसटतं. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा या पठारावर दिवसभर असतो, उन्हाळ्यात दुपारनंतर घाटातून तोच वर चढतो. पण याचं उत्तर जड विमान नाही, घड्याळ आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळी, ऊन तापायच्या आधी, इथली हवा बरीच शांत असते. शिकायचा हंगाम तो. एप्रिलच्या दुपारी तापलेल्या माळावरून उठणारी उष्ण हवा हलक्या विमानाला न सांगता शंभर मीटर वर नेते. सराईताला ती गंमत, शिकणाऱ्याला संकट.

जागेचा प्रश्नही उड्डाणाच्या गुणांशी बांधलेला आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांत असं विमान येतं. शिक्षण किंवा छंदासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट लागत नाही, आणि २ किलोपर्यंतचं विमान बिगरव्यावसायिक कामासाठी उडवायला वैमानिकाचं प्रमाणपत्र लागत नाही. पण कुठे उडवायचं याला मोकळीक नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात विनापरवानगी मर्यादा २०० फुटांची, त्यापलीकडे नकाशावरच्या हिरव्या, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या, क्षेत्रात ४०० फुटांची. लोहगाव, दिघी, देहूरोडचा लष्करी शेजार पाहता सरकारचा डिजिटल स्काय नकाशा उघडल्याशिवाय बॅटरी जोडू नये. चाकणच्या पलीकडे, भामा नदीच्या बाजूला परिस्थिती बरी, पण तिथे उच्चदाबाच्या वाहिन्या आणि रोज नव्याने उठणाऱ्या शेड. २०० फूट उंची आणि दीडशे मीटर लांबीचं माळरान एवढ्यात शिकायचं असेल तर सेकंदाला दहा मीटरने जाणारं विमान वळायला पंधरा सेकंद देतं, वीस मीटरने जाणारं साडेसात. संथपणाची गरज इथे नियमांनीच वाढवून ठेवली आहे.

राहता राहिला तो आक्षेप की इतकं समजूतदार विमान माणसाला आळशी करतं, वाईट सवयी लावतं. सिम्युलेटरवर दिशांचा सराव करून थेट चपळ विमानाकडे जावं, असं सांगणारे आहेत, आणि सिम्युलेटर स्वस्तात डावं-उजवं पक्कं करतो हे खरंच आहे. बडी बॉक्सच्या तारेने किंवा बिनतारी जोडलेला शिक्षकाचा दुसरा ट्रान्समीटर तर त्याहून उत्तम, तो जवळपास एचटी-२ च्या दुसऱ्या दांड्याचं काम करतो. पण संगणकाच्या पडद्यावर विमान कायम स्पष्ट दिसतं, डोळ्यात ऊन जात नाही, आणि पडल्यावर एक बटण दाबलं की नवं मिळतं. आळशीपणाचं म्हणाल तर ट्रेनर चूक माफ करतो, झाकत नाही. वळणात उंची गेली तर ती जाताना दिसते, उतरताना वेग जास्त राहिला तर मैदान संपेपर्यंत ते तरंगत राहतं आणि पुढच्या खेपेला थ्रॉटल आधी बंद करायला शिकवतं.

ट्रेनर सोडायची वेळ कधी आली हे तो स्वतःच सांगतो. ज्यांनी त्याला चांगलं केलं तेच गुण आड येऊ लागतात. पालथं उडवायचा प्रयत्न केला की डायहेड्रल त्याला परत सुलटं करायला ढकलतं, सपाट तळाचा पंख उलटा झाल्यावर उचल द्यायला कुरकुरतो आणि एलिव्हेटर जवळजवळ पूर्ण खाली दाबून धरावा लागतो. वाऱ्यात सरळ रेषेत नेणं हा सततचा झगडा होतो. त्यापुढचं विमान म्हणजे मध्ये किंवा खाली बसवलेला पंख, वर-खाली सारख्याच गोलाईचा छेद, डायहेड्रल नावापुरता. त्यात स्टिक सोडली की विमान ज्या कलात असेल त्याच कलात राहतं, तिरपं असेल तर तिरपंच. ते हातात घेण्याआधी ट्रेनरवर मोटर बंद करून ठरवलेल्या जागी उतरवता आलं पाहिजे, आणि नाक आपल्याकडे असताना दोन्ही बाजूंना, उंची न गमावता, आठच्या आकड्यासारखा मार्ग काढता आला पाहिजे.